मामाच्या सिकोची चेन लहान करताना: नोंदी

रविवार, ७ जुलै २०२४

मामाने अखेर घड्याळ मलाच देऊन टाकलं. तो बरीच वर्षं मस्कतला होता आणि हे तिथलंच. स्टीलच्या चेनचं सिको फाइव्ह. तो म्हणतो ९९ साली घेतलं. मागच्या झाकणावरचा नंबर ९४ ने सुरू होतो. या कंपनीच्या नंबरात पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना सांगतो, म्हणजे एप्रिल. साल ८९ किंवा ९९ निघू शकतं, पण आतली मशीन ७एस२६ आहे आणि ती ९६ पासूनची. मामाची आठवण बरोबर निघाली.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं तेव्हा हे कपाटाच्या खालच्या खणात होतं. मामाने साफ करून आणायला माझ्याकडे दिलं होतं, आणि मी आज-उद्या करत राहिले. दोन दिवस चिखलात. पुढच्या वर्षी मशीन साफ करून घेतली, ९०० रुपये लागले. चेन मात्र दुरुस्तीवाल्याने एका पिशवीत घालून घड्याळाला बांधून दिली. "ही तुम्हीच धुवा." ती पिशवी दोन वर्षं तशीच राहिली.

आजची मापं. माझं मनगट शिवणाच्या टेपने १४.८ सेंमी. चेन घड्याळासकट बंद करून आतून मोजली तर २० सेंमी. मला साधारण १५.२ हवी, म्हणजे ४८ मिमी कमी करायचे. व्हर्नियरने पाच कड्या मिळून ४१ मिमी भरल्या, म्हणजे एक कडी ८.२ मिमी. सहा कड्या काढायच्या, तीन-तीन दोन्हीकडून. गणित सोपं आहे. (मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असते, व्हर्नियर त्यामुळे हाताशी. चूक व्हर्नियरची नव्हती, ती १८ तारखेला कळेल.)

चेन पिशवीतच असल्याने घड्याळ वेगळं करायचा प्रश्न नव्हता. तुमची जोडलेली असेल तर आधी डोकं (म्हणजे चेन सोडून उरलेलं घड्याळ) वेगळं करा. मशीन लटकत असताना चेनवर हातोडी मारू नका. आणि दोन्ही टोकांच्या स्प्रिंग पिना काढताना हात पारदर्शक पिशवीत घालून काढा. मी मापासाठी एकदा चेन बसवून परत काढली तेवढ्यात एक पिन उडाली आणि शिलाई मशीनखाली मिळाली. चष्म्याच्या स्क्रू ड्रायव्हरने काढताना घड्याळाच्या कानावर (चेन अडकते त्या टोकावर) एक ओरखडाही पडला. आधी चिकटपट्टी लावायला हवी होती.

८ आणि ९ जुलै

फक्त धुणं. कोमट पाणी, भांड्यांचा लिक्विड साबण, जुना मऊ टूथब्रश. पहिलं पाणी चहासारखं, दुसरं लाल. आमच्याकडची माती लालच. कड्यांच्या मधल्या फटीतून चिखल पापुद्र्यांसारखा सुटत होता. रात्रभर भिजवली, सकाळी पुन्हा घासली. मंगळवारी संध्याकाळी पाणी स्वच्छ राहिलं तेव्हा थांबले. पावसाळ्यात काही वाळत नाही, म्हणून केस वाळवायच्या मशीनखाली दहा मिनिटं धरली.

बुधवार, १० जुलै

ऑनलाइन मागवलेलं पिन काढायचं प्लास्टिकचं यंत्र आलं. १९९ रुपये, तीन जादा सुया सोबत. कडी खाचेत ठेवायची, बाजूचा स्क्रू फिरवायचा, सुई पिनेला ढकलते. अशी कल्पना.

पहिली सुई वाकली. मला वाटलं नीट मध्यावर ठेवली नव्हती. दुसरी वाकली. तिसरीच्या वेळी यंत्राचा दांडाच कडकन वाजला आणि प्लास्टिकला चीर गेली. पिन केसभरही हलली नाही. चाळीस मिनिटं गेली.

आता लिहिताना वाटतं, दुसरी सुई वाकली तेव्हाच थांबायला हवं होतं. जी पिन ढकलली जात नाही तिला काहीतरी अडवतंय. जोर वाढवला तर आधी हत्यार मोडतं.

शनिवार, १३ जुलै

लॅबमधलं भिंग घरी आणलं. खिडकीशी बसून चेनची आतली बाजू पाहिली. लॉककडच्या चार-चार कड्यांवर बारीक बाण कोरलेत. धुतल्यावरही त्यात माती होती, म्हणून बुधवारी ते दिसलेच नाहीत. दाताच्या काडीने कोरले तेव्हा उमटले.

पिन बाणाच्या दिशेनेच बाहेर निघते. मी बुधवारी उलट ढकलत होते. परत बसवताना बाणाच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे जिथून निघाली त्याच तोंडातून आत. ज्या कड्यांवर बाण नाही त्या काढायच्या नसतात. त्यांच्या पिना कायमच्या बसवलेल्या असतात.

दिशा कळली तरी पिन निघेना. शिलाई मशीनचं तेल प्रत्येक बाणवाल्या सांध्यावर एक-एक थेंब, दुपारभर ठेवलं.

संध्याकाळी पोगर (पिन ठोकून काढायची बारीक सळई) शोधायला लागले. एवढा बारीक पोगर हार्डवेअरच्या दुकानात मिळाला नाही. त्यांच्याकडचा सगळ्यात बारीक तीन मिमीचा, आणि आपल्याला एकाच्या आत हवा. सासूबाईंची गोधडीची सुई घेतली, पकडीत धरून टोकावर हातोडी. टोकच उडालं, सापडलं नाही. नशीब मी वाचायचा चष्मा लावून होते. सुईचं पोलाद ठिसूळ असतं, वाकत नाही, तुटतं, आणि तुकडा कुठेही जातो. चष्म्याशिवाय हे करू नका.

तुटकी सुई मग कामाला आली. तुटलेलं टोक धारेच्या दगडावर घासून सपाट केलं. पकडीतून जेमतेम एक सेंटीमीटर बाहेर राहील एवढीच धरली. लांब सुई वाकते किंवा तुटते. आखूड राहिली की सगळा जोर सरळ पिनेवर जातो. सपाट टोकाने ती पिनेवरून घसरतही नाही.

राहिला आधार. चेन टेबलावर आडवी ठेवून ठोकली तर पिनेला बाहेर जायला जागाच नाही. हे मला दहा ठोके मारल्यावर सुचलं. मुलाच्या कंपासपेटीतला मोठा खोडरबर घेतला, त्यावर चेन कडेवर उभी केली. पिन निघून खोडरबरात रुतते, पडून हरवत नाही. पण चेन डगमगते, म्हणून दोन बाजूंना दोन वह्यांचे गठ्ठे. तिसऱ्या ठोक्याला पिन दोन मिमी बाहेर आली. चिमट्याने ओढली.

आवाज सांगतो. पिन अडलेली असते तेव्हा टकटक कोरडं वाजतं, सुटते तेव्हा एकदम बद्द होतं.

आज एकच पिन. पण निघाली.

रविवार, १४ जुलै

६ च्या आकड्याकडची बाजू. तीन कड्या.

मी चार पिना काढल्या. पहिल्या कडीची, मग दुसरीची, मग तिसरीची, मग शेवटची. चौथी निघाल्यावर समोर तीन सुट्या कड्या आणि चार पिना पडलेल्या पाहिल्या तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सलग तीन कड्या काढायच्या तर दोन टोकांच्या दोनच पिना काढायच्या. मधल्या कड्या एकमेकींना धरून राहिल्या तरी चालतात, त्या डबीतच तर जाणार. म्हणजे दुप्पट काम केलं. (या मूर्खपणाचा पुढे उपयोग झाला. २७ तारीख बघा.)

जोडायला वेळ लागला. एक पिन भोकात घातली, निम्मी सहज गेली आणि मध्ये अडली. कडी वाकडी धरलीय असं वाटून तीनदा बाहेर काढली. शेवटी हातोडीने हलके ठोके दिले तेव्हा बसली, आणि चांगली घट्ट. आधीच्या तीन पिना आणि तीन कड्या औषधाच्या रिकाम्या डबीत.

एकूण १ तास ५० मिनिटं. उजव्या अंगठ्याला फोड.

मामाचा फोन. "काय गो, झाली का चेन?" म्हटलं अर्धी झाली. "अर्धी चेन घालून जाशील होय कॉलेजात?"

बुधवार, १७ जुलै

आषाढी, त्यातच मोहरमही, सुट्टी. साबुदाण्याची खिचडी खाऊन १२ च्या आकड्याकडची बाजू घेऊन बसले.

आज हात बसला. दोनच पिना काढल्या. तीन कड्या एकत्रच निघाल्या. कड्या वेगळ्या करताना कागदावर काहीतरी बारीकसं पडलं, वाळक्या चिखलाच्या कणासारखं. फडक्याने पुसून टाकलं. जोडताना तर रविवारसारखी अडचणच आली नाही. पिन बोटाने ढकलली आणि आरपार गेली, ठोकावीही लागली नाही. सगळं ३५ मिनिटांत.

घड्याळाला चेन बसवली. लॉक लावलं. मनगटावर पाहिलं. छान दिसतं. फोटो मामाला पाठवला.

गुरुवार, १८ जुलै

सकाळी नीट बसलेली चेन दुपारी तीनला रुतायला लागली. प्रॅक्टिकल चालू असताना काढून टेबलावर ठेवावी लागली, मनगटावर कड्यांचे ठसे.

संध्याकाळी टेपने मोजलं, १५.३. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजलं, १४.८. अर्धा सेंटीमीटर फरक. उन्हात, चालून आल्यावर, दिवसभर हात खाली राहिल्यावर मनगट फुगतं. आणि मी रविवारी सकाळी अंघोळीनंतर मोजलं होतं. मनगट संध्याकाळीच मोजा, शक्य तर उन्हाळ्यात.

तात्पुरता उपाय म्हणून लॉकच्या कडेला भोकं असतात ती वापरली. स्प्रिंग पिन दाबून दोन भोकं बाहेर सरकवली. एक भोक म्हणजे अंदाजे अडीच मिमी. आता बरं आहे. आता बाहेरच्या बाजूला एकच भोक उरलं. खरं तर एक कडी परत घालून पिन मधल्या भोकात आणायला हवी, म्हणजे दोन्हीकडे सरकवायला जागा राहील. रविवारी करीन.

शनिवार, २० जुलै

बहादूरशेख नाक्यावर रिक्षातून उतरताना हात हलका झाल्यासारखं वाटलं. घड्याळ मांडीवरून रिक्षाच्या रबरी मॅटवर. १२ च्या बाजूचा सांधा सुटला होता. डोकं सलामत, काचेलाही काही नाही, मॅटची कृपा. पिन मात्र नाही. पाऊस, गर्दी, रिक्षावाल्याला मागचे हॉर्न. शोधायचा विचारही केला नाही.

जी पिन बोटाने गेली होती, तीच तशी सहज बाहेर आली. तीन दिवस ती नुसती भोकात पडून होती. धरून काही ठेवलंच नव्हतं तिला. एवढं कळलं, पण का ते नाही. रविवारची घट्ट आणि बुधवारची सैल. चेन एकच, पिना सारख्याच.

रात्री ऑनलाइन पिनांचा डबा मागवला. वेगवेगळ्या लांबीच्या, ३४९ रुपये. आठवडा लागेल म्हणतात. डबीतल्या पिनांतली एक तोवर लावून पाहिली. तीही बोटाने जाते, बोटाने येते.

रविवार, २१ जुलै

आजची नोंद लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

पिन सैल म्हणून झटपट चिकटणारा गोंद लावला. एक थेंब पिनेवर, पिन आत. गोंद पातळ असतो, तो पिनेपुरता थांबत नाही. केसांएवढ्या फटीतून शेजारच्या सांध्यात गेला. दोन कड्या एकमेकींना चिकटून काठीसारख्या ताठ, आणि स्टीलवर पांढरा धुरकट थर. चेनचं काम वाकणं, आणि ती वाकेना.

सोमवार, २२ जुलै

लॅबमधून थोडं अॅसिटोन मागून आणलं (नखांचं पॉलिश काढायच्या द्रवातही असतं, पण सगळ्यांत नाही, बाटली वाचून घ्या). आधी चेन घड्याळापासून सोडवली. अॅसिटोन प्लास्टिकची काच आणि रबरी रिंगा खराब करतं. काचेच्या वाटीत चेनचं फक्त ते टोक, वर बशी, खिडकी उघडी. तासाभराने गोंद मऊ झाला, हलवत हलवत दोन्ही सांधे सुटले. पांढरा थर टूथब्रशने गेला. मग साबणाने धुतली.

बाहेर सकाळपासून धो धो. तारीख लिहिताना लक्षात आलं, पुराला आज तीन वर्षं झाली. आमच्या भागात या तारखेला मुसळधार लागला की घरातलं कोणीतरी खालच्या खणातल्या वस्तू न बोलता वर ठेवतं. आज मी ठेवल्या.

शनिवार, २७ जुलै

पिनांचा डबा आला. दोनशे पिना, सगळ्या दुभागलेल्या. म्हणजे एक टोक बंद आणि दुसरं चिरलेलं, केसांच्या पिनेसारखं. चिरलेलं टोक किंचित पसरलेलं असतं आणि त्याच्या दाबाने पिन भोकात टिकते. अशा पिनांच्या चेनी पुष्कळ असतात. त्यात बंद टोक आधी घालायचं, चिरलेलं शेवटी. पण माझ्या चेनच्या पिना अशा नव्हत्याच. भिंगातून पाहिलं तर त्या सरळ सळईच्या, मध्ये किंचित बारीक, कंबर काढल्यासारख्या. ३४९ रुपये आणि आठवडा वाया.

बाजारपेठेत एक जुने घड्याळजी बसतात. चेन, पिना, सगळं घेऊन गेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, १२ च्या बाजूच्या मधल्या कडीत पाहिलं आणि विचारलं, "ताई, नळी कुठाय?"

कसली नळी?

त्यांनी ड्रॉवरमधून चिमट्याने एक वस्तू काढून हाताच्या तळव्यावर ठेवली. तिळाएवढी, पोकळ. या प्रकारच्या चेनमध्ये पिन कडीला धरत नाही. मधल्या कडीत ही नळी बसवलेली असते आणि पिन नळीत घट्ट बसते. म्हणून निम्मी पिन सहज जाते आणि मध्ये अडते. अडली पाहिजे. रविवारी अडली कारण तिथली नळी चिखलाने, गंजाने कडीत चिकटून राहिली होती. बुधवारी कड्या वेगळ्या करताना ती निसटली, आणि मी फडक्याने पुसून केरात टाकली.

"चिखलाच्या कणासारखं" असं मीच लिहिलंय. वर जाऊन वाचा.

मी म्हटलं, मग एक नळी द्या. त्यांनी मान हलवली. या मापाची त्यांच्याकडे नव्हती. मग म्हणाले, "काढलेल्या कड्या ठेवल्यात ना?"

ठेवल्यात. औषधाच्या डबीत. त्या कड्यांच्या सांध्यांतही याच नळ्या आणि याच पिना. सहा कड्या काढल्या म्हणजे सहा सांधे जास्तीचे झाले. मी ज्यासाठी आठवडा थांबले ते सगळं फ्रिजवरच्या डबीत होतं. उलट १४ तारखेला मूर्खपणाने चारही पिना काढल्या होत्या म्हणून त्या कड्या आधीच सुट्या, नळ्या काढायला मोकळ्या.

त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी गोंदाची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र खूप हसले. म्हणाले, गोंद लावलेल्या चेनी त्यांच्याकडे नेहमीच येतात, आणि सोडवायचे ते जास्त पैसे घेतात.

रविवार, २८ जुलै

आज सगळं नीट. क्रम लिहून ठेवते.

स्टीलचं मोठं ताट, त्यात पांढरा कागद. काम ताटाच्या बाहेर करायचंच नाही. पंखा बंद.

सहाच्या बाजूच्या सुट्या कड्यांत भिंगातून पाहिलं. मधल्या भोकाच्या आत तपकिरी कडा दिसते, तीच नळी. सपाट सुईने मागून हलकेच ढकलली, कागदावर पडली. दोन नळ्या काढल्या, कारण आज एक कडीही परत घालायची, म्हणजे दोन सांधे जोडायचे. नळ्यांना लागलेला गंज साबणाच्या पाण्यात टूथब्रशने काढला.

पुढे मला दोन तास लागले, त्यातला दीड तास नळी जागेवर ठेवण्यात. चिमट्यातून ती टुणकन उडते. दोनदा ताटात पडली. ताट नसतं तर संपलं होतं. शेवटी सुचलेला उपाय: सुईच्या टोकाला तेलाचा ओलसर हात लावायचा, नळी सुईत ओवायची, सुई कडीच्या भोकावर टेकवायची आणि नळी बोटाने खाली सरकवायची. एकदा कडीत गेली की ती तिथेच राहते.

मग दोन कड्या एकमेकींत बसवायच्या आणि भोकातून आरपार उजेडाकडे पाहायचं. उजेडाचा पूर्ण गोल दिसला तर रांग जुळली. अर्धचंद्र दिसला तर नाही, आणि तसंच ठोकलं तर नळी चेपते. एकदा अर्धचंद्र होता आणि मी ठोकणार होते. सवयीने थांबले.

पिन बाणाच्या टोकाकडून आत. निम्मी बोटाने गेली. अडली. (एवढा आनंद अडण्याचा मला याआधी झाला नव्हता.) चेन खोडरबरावर उभी, हलके ठोके, आठ-दहा. पिनेचं टोक कडीच्या कडेशी समतल झाल्यावर सुईने अजून एक ठोका, कडेच्या किंचित आत. तपासायची रीत: सुईने दुसऱ्या बाजूने जोरात ढकला. हलली तर नळी नाही किंवा नळी चेपली. हलली नाही.

दुसरा सांधाही तसाच, पंधरा मिनिटांत.

आता निघालेल्या कड्या पाच. ६ च्या बाजूने तीन, १२ च्या बाजूने दोन. लॉक मनगटाखाली मध्यावर आलं. मागच्या तीन-तीनच्या वेळी ते करंगळीच्या बाजूला जरा सरकलेलं वाटत होतं. ६ ची बाजू एखाद्या कडीने आखूड असलेलीच बरी दिसते. लॉकची पिन मधल्या भोकात परत आणली.

पूर्ण चेन पुन्हा साबणाने धुतली. तेल राहू दिलं तर धूळ धरते आणि बाहीच्या कडेला काळी रेघ उमटते.

सोमवार, २९ जुलै

अकरावीच्या प्रॅक्टिकलचं स्क्रू गेज मोकळं होतं. उरलेल्या पिनेचा व्यास तीन ठिकाणी, शून्य त्रुटी वजा करून: टोकांना ०.९८ मिमी, मध्ये कंबरेशी ०.९१. नळी बाहेरून १.४२, लांबी व्हर्नियरने २.५. ही मापं माझ्या चेनची, तुमची वेगळी असतील. पण नळी हरवली आणि दुसरी शोधायची असेल तर नुसतं "छोटी" म्हणून कोणी देणार नाही, आकडे लागतात. मुलींनी विचारलं काय मोजताय. सांगितलं. दोघी घरी जाऊन आपापल्या चेनीत नळ्या शोधणार म्हणाल्या. मी आधी ताट घ्यायला सांगितलं.

रविवार, ४ ऑगस्ट

आठवडाभर घातलं. भांडी सोडून सगळी कामं, बसचा प्रवास, एकदा वाऱ्याने छत्री उलटली तो झटकाही. रोज रात्री सुईने दोन्ही सांधे ढकलून बघते, हलत नाहीत. आता रोजचं बंद, महिन्याला एकदा.

खर्च. प्लास्टिकचं यंत्र १९९, पिनांचा डबा ३४९, अॅसिटोन आणि सुई फुकट. एकूण ५४८ रुपये, आणि त्यातलं काहीच शेवटी कामी आलं नाही. कामी आली ती तुटकी सुई, खोडरबर, भिंग, ताट. वेळ सगळा मिळून साडेनऊ तास. यातले पाच तरी चुका निस्तरण्यात. घड्याळजींनी हेच काम सगळं धरून शंभर रुपयांत केलं असतं, हे त्यांनी न सांगताही मला माहीत आहे. तरी पुढच्या वेळी मी घरीच करीन. ज्यांना नुसती लहान चेन हवी आहे आणि चेन कशी टिकते याच्याशी देणंघेणं नाही, त्यांनी मात्र शंभर रुपये द्यावेत.

ज्यांच्याकडे कॅसिओचं ते सरकत्या लॉकचं स्टीलचं डिजिटल आहे त्यांना यातलं काहीच लागत नाही. लॉकची पट्टी स्क्रू ड्रायव्हरने उचलायची, हवी तिथे सरकवायची, परत दाबायची. मुलाचं मी काल पाच मिनिटांत केलं, त्यातली दोन तो हलत होता म्हणून.

रविवार, ८ सप्टेंबर

मामा गणपतीला आला. आल्या आल्या माझा हात धरून चेन उलटसुलट पाहिली, लॉक तीनदा उघडून बंद केलं. मग विचारलं, "बाकीच्या कड्या?" डबी दिली. पाच कड्या. पिनाही पाच हव्या होत्या. हरवलेली वजा जाता आता चार. नळ्या तीन सुट्या, एक अजून कडीत.

त्याने डबी हलवून कानाशी नेली, झाकण घट्ट लावलं आणि परत माझ्याच हातात दिली. वर चिकटपट्टीवर लिहिलंय: "कड्या ५, पिना ४, नळ्या ४. टाकू नका." ती आता वरच्या खणात.